एका फाइलीत दोन तलवारी

मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू देऊही नका. माझ्या घरात आजवर कोणाचा बसलेला नाही, आणि तरी सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत.

रविवारची दुपार होती. नात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून नखं खात बसली होती. ज्या हॉस्पिटलात मी आणि तिच्या आजीनं अख्खी नोकरी सर्व्हर सांभाळण्यात घालवली, तिथंच आता ती तेच काम करते. सकाळी तिनं सर्व्हरवर नवं व्हर्जन चढवलं. सुरू झाला बेटा, पण जो कोणी पेशंटचे रिपोर्ट उघडायला जाईल त्याला एकच उत्तर: प्रवेश नाही.

"आजोबा, उद्याच्या ऑपरेशनच्या आधी हे उघडलं नाही तर माझी धडगत नाही. काही अडचण येणार नाही, असं मीच छातीठोकपणे सांगितलंय सगळ्यांना."

"सर्व्हरच्या नियमांची ती कॉन्फिग फाइल जुनीच ठेवलीस?"

"जुनीच. नवं व्हर्जन जुन्या ओळीही वाचतं. फक्त कोणाला आत घ्यायचं, ती एक ओळ नव्या पद्धतीनं खाली जोडली."

मी खुर्ची पुढे ओढली. "हात्तिच्या! अगं, आमच्या वेळी तर..."

"झालं सुरू," मटार सोलता सोलता ही म्हणाली.

"आमच्या वेळीही असंच मोठं व्हर्जन बदललं. जुनी ओळ म्हणायची, आधी सगळ्यांना अडव, मग ओळखीच्यांना सोड. नवी म्हणायची, ओळखीच्यांना सोड, बस्स. कुणा शहाण्यानं दोघींना एकत्र नांदायला ठेवलं! दोघींचं एकमत झाल्याशिवाय सर्व्हर कोणाला सोडीना, आणि दोघींच्या ओळखीची माणसं वेगळी, मग एकमत होतंय कसलं! आधी डॉक्टर अडले, मग नर्स. पुढे त्याला अडवायची चटकच लागली. लिफ्ट माणसं घेईना. चहाचं मशीन कप घेईना. शेवटी सर्व्हर रूमचं दार धाडकन बंद झालं, आणि आत मी एकटा!"

"थांबा, आजोबा." नातीनं नखं खाणं सोडलं. "जुनी आणि नवी, दोन्ही एकत्र?"

"एका म्यानात दोन तलवारी राहतात का कधी?"

तिनं जुन्या ओळी काढल्या, फाइल तपासून घेतली, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि वॉर्डात फोन लावला. "सिस्टर, आता बघा ना जरा."

"उघडले गं बाई!" सिस्टरचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला. नातीनं माझ्या टकलाचा मुका घेतला.

आता मी गप्प बसणार होतो का? "अगदी हेच केलं होतं मी! दिवे गेलेले, बाहेर तुझी आजी धाय मोकलून रडतेय. अंधारात चाचपडत जुन्या ओळी पुसल्या मात्र, दार आपोआप..."

"साफ खोटं!" मटाराची शेंग माझ्या नाकावर आदळली. "आत मी होते, अहो! ओळी जोडल्या तुम्ही, पुसल्या मी. आणि अगं, हे बाहेरून दाराला धडका देत ओरडत होते, 'घाबरू नकोस, मी आहे!' आणि दार नुसतं ओढायचं होतं!"