केसांत अडलेली आकडी

वाकडी चोच, चोचीवर इवलीशी झडप आणि मागे झिजून गुळगुळीत झालेली लाकडी मूठ, एवढीच मी. मित्रांनो, मी केसांत गंगावन ओवणारी जुनी आकडी आहे. मला घडवलं गालिचे विणण्यासाठी, पण गालिचा काही माझ्या नशिबी आला नाही. जमैकात, पोर्ट अँटोनिओच्या बाजारामागे, आयव्हली आंटीच्या ओसरीवर मी तेवीस वर्षं डोकीच पाहिली.

आंटी आधी बोटांनी टाळूलगत बारीक वेण्या घालते, शेतातल्या सऱ्यांसारख्या. मग मी सरीखालून शिरते, पलीकडची गंगावनाची बट चोचीत धरते, झडप मिटते आणि मागे येते. झडप उघडी राहिली तर मूळचे केस ओरबाडले जातात, म्हणून ती मिटल्याशिवाय आंटी मला ओढत नाही. गंगावन ती आदल्या दिवशी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवते, म्हणजे डोकं खाजत नाही. मग पाच-सहा आठवडे खालचे केस विंचरण्या-ओढण्यातून सुटतात. सगळ्या म्हणायच्या, आंटीचा हात घट्ट, महिनाभर केस हलत नाही. ते कौतुक मला माझंच वाटायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये नडीन तिच्या सात वर्षांच्या रोशेलला घेऊन आली. शाळा उघडायची होती आणि रोज सकाळची कंगव्यावरून होणारी रडारड तिला टाळायची होती. नडीनला मी ओळखत होते. लहानपणी तीही याच ओसरीवर बसायची. तिच्या कानशिलांवरचे केस तेव्हाच विरळ झाले, ते पुन्हा आलेच नाहीत. म्हणून ती कपाळाला रुमाल बांधते. कुणी विचारलं तर ऊन लागतं म्हणते.

आंटी सऱ्या घालत असताना नडीन काही खुर्चीला टेकली नाही. या बाजूने बघ, त्या बाजूने बघ.

"अगं, बस तरी," आंटी म्हणाली. "तुझ्यापेक्षा तुझी पोरगी धीराची आहे."

रोशेल गप्प होती खरी, पण वेण्यांच्या ओढीने तिच्या भुवया वर ताणल्या गेल्या होत्या.

मग माझी पाळी आली. कानशिलाच्या पहिल्याच सरीशी मी अडले. सरी इतकी घट्ट की चोच शिरायला जागाच नव्हती. आंटीने मला तिरकं करून रेटलं, तशी रोशेलने फ्रॉकचा काठ मुठीत आवळला. आईने विचारलं, दुखतंय का?

"नाही. मला शाळेत छान दिसायचंय."

नडीनने आंटीचा हात धरला. इतक्या वर्षांत तसं कुणी केलं नव्हतं.

"आंटी, पुढच्या सगळ्या सऱ्या सोडा."

"दोन तास घातलेत मी, नडीन. सैल घातल्या तर आठवड्यात पिंजारतील, मग माझ्याच नावाने ओरडशील."

"पिंजारू देत. पुन्हा आणीन तिला." तिने रुमाल सोडला. "हे बघा. मीसुद्धा 'नाही दुखत' असंच म्हणायचे."

आंटी त्या कानशिलाकडे बघत राहिली. मग मला मांडीवर ठेवून तिने एकेक सरी सोडवली. नव्याने घालताना ती दर सरीखाली करंगळी सरकवून बघत होती. पुढच्या ओळीत गंगावनही तिने मला थोडंच घ्यायला लावलं. मी न अडता गेले.

मग आंटीने नडीनला सगळं सांगितलं. झोपताना सॅटिनची टोपी, आठवड्यातून एकदा टाळूला पातळ केलेला शाम्पू, मग मुळापर्यंत वाळवणं, आणि सहा आठवडे झाले की सोडायचंच. सोडताना हातात केसांचा मोठा पुंजका येईल, तो रोजचा गळलेला केस साठलेला असतो, घाबरायचं नाही. नडीनने ते फोनमध्ये लिहून घेतलं, दोन-दोनदा विचारून.

रुमाल पुन्हा बांधायला गेली, तर आंटीने खुर्ची पुढे ओढली. "आता तू बस. तेल लावते. येतील न येतील, पण लावते."

मित्रांनो, याआधीही मी कितीदा अडले होते. चोच बोथट झाली असेल, असं समजून गप्प राहिले. बोलायला मला तोंडही नाही. तुम्हाला आहे. केस विंचरणारा हात कितीही मायेचा असला, तरी दुखलं तर दुखतंय म्हणा.