होडीचं इंजिन आणि अमेरिकेतलं तेल

आमच्या थळच्या कोळीवाड्यात मासळी बायका विकतात, म्हणून होडीचा खर्चही त्याच ठरवतात. तुळसा, माझी बायको, गेली आणि नवं डिझेल इंजिन घ्यायचं का, हे ठरवणं माझ्यावर आलं.

जावई हितेश अमेरिकेत तेलविहिरीवर आहे. डिझेल पुढे किती वर्षं मिळेल, हे विचारायला त्याला फोन केला.

"मामा, इथे खडक फोडून तेल काढतात. वर्षभरात विहिरीतून निघणारं तेल निम्म्यावर येतं. मग दुसरी खोदायची."

"आणि चांगल्या जागा संपल्या की?"

"ते कुणालाच नीट माहीत नाय."

फोनवर त्याच्या मागून माझी लेक मनाली ओरडली, "बाबा, आईनं काय विचारलं असतं?"

"आधी काय संपेल, इंजिन का तेल?" मी म्हणालो.

"त्याआधी तुमचे गुडघे!"

खरं होतं, या गुडघ्यांनी मी होडीवर अजून किती वर्षं जाणार? मी जुनंच इंजिन दुरुस्तीला खोललं. हितेशला मात्र रोज विचारतो, आज विहिरीतून किती निघालं?