मिसेस ओडींच्या चिठ्ठ्या

आमच्या यॉर्कच्या कोश कचेरीत मेलेल्या अर्थापुढे खंजिराची छोटी खूण छापतात. गेल्या तीस वर्षांत एखादा अर्थ कुणी कागदावर वापरल्याचा दाखला मिळाला नाही, की तो मेला असं धरायचं आणि त्याच्यापुढे खंजीर लावायचा. नियम आमचे संपादक डॉक्टर लडलो यांनी स्वतः केला होता आणि चाळीस वर्षं तो कुणासाठी वाकवला नव्हता.

१९२४च्या उन्हाळ्यात या नियमाने त्यांनाच गाठलं.

'रन' हा शब्द त्यांच्या वाट्याला आला होता. हा त्यांचा शेवटचा शब्द. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, भिंग धरूनही अक्षर लागेना. सप्टेंबरअखेर 'रन' छापखान्यात गेला की ते घरी बसणार होते. शब्द दिसायला एवढासा, आमच्याकडचं शेंबडं पोरही त्याचा अर्थ पळणं असा सांगेल. पण आमच्या भाषेत घोडा पळतो तसं नाकही पळतं. धुताना कपड्याचा रंग जातो तेव्हा तो पळतो, मेणबत्ती वितळून ओघळते तेव्हा ती पळते, आणि दुकान चालवणारा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या ते पळवत असतो. मी त्यांचा सहायक. एका चिठ्ठीवर एक दाखला, एका अर्थाची एक गड्डी, अशा गड्ड्या सहा महिने लांब टेबलावर लावत बसलो होतो. गड्ड्या झाल्या तीनशे अठ्ठावीस.

"हॅक्सबी, ही गड्डी इतकी बारीक का?" डॉक्टरांनी बोटाने चाचपून विचारलं.

"रंग जाणे. शेवटचा दाखला १७९०चा आहे."

"आणि ही?"

"नाक वाहणे. १८१२."

"म्हणजे शंभर वर्षांत इंग्लंडात कुणाला सर्दीच झाली नाही?"

पलीकडच्या टेबलावर काम करणाऱ्या मिस पिकरिंग खुदकन हसल्या. पण मोजणी केली तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. एकेचाळीस अर्थांना अलीकडचा दाखला नव्हता, आणि ते सगळे चुलीजवळचे, अंगणातले, रोज उठून तोंडात येणारे होते.

चूक आमचीच होती. गावोगावचे हौशी वाचक पुस्तकं वाचून शब्द टिपून पाठवत. त्यांना आम्ही छापील सूचना दिली होती की विचित्र, जुना, दुर्मीळ शब्द दिसला की टिपा. बिचाऱ्यांनी इमानाने टिपला. ज्या शब्दाचा अर्थ बिशपलाही सांगता येणार नाही त्याचे आमच्याकडे साठ दाखले होते, आणि नाक वाहण्याचा एकही नव्हता.

"मग एकेचाळीस खंजीर लावायचे?" मी विचारलं.

डॉक्टरांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "जन्मभर शब्द जपले रे मी. जाता जाता जिवंत शब्दांच्या छातीत खंजीर खुपसू? पण दाखल्यावाचून छापणार नाही. आपण घरी बसून दाखले बनवायला लागलो, तर हा कोश कसला!"

मला खाली बघावं लागलं.

त्याच आठवड्यात एका वाचकाने 'एम' अक्षरातल्या शब्दाबद्दल शंका काढली म्हणून मी जुन्या खणातून एक चिठ्ठी उपसली. ती महायुद्धातली, 'एम'चं काम चालू होतं तेव्हाची होती. तेव्हा कागद मिळत नसे, म्हणून टाकून दिलेल्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही नवे शब्द लिहीत असू. सहज उलटून पाहिली. मागे गोल, ठसठशीत बायकी अक्षर होतं: 'रन. रंग जाणे. साबणाच्या पुडक्यावरून, १९११.' खाली सही होती, हॅना ओडी, व्हिटबी.

ते अक्षर मी ओळखलं. लढाईच्या आधी ही बाई दर आठवड्याला पाकीट पाठवायची. त्यात सगळे साधे शब्द असत. साबणाचं पुडकं, चर्चची पत्रकं, स्वयंपाकाची पुस्तकं, गुंडाळायला आलेली वर्तमानपत्रं, जे हाती लागेल त्यातून टिपलेले. मी तेव्हा नवा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. तिच्या चिठ्ठ्या मीच रद्दीच्या खोक्यात टाकल्या होत्या. वर एक पत्रही लिहिलं होतं. त्यात काय लिहिलं ते आठवत नव्हतं, पण सूर आठवत होता.

मी सगळं डॉक्टरांना सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "उलटा सगळ्या चिठ्ठ्या," एवढंच म्हणाले.

मग सबंध कचेरी 'एम'चे खण काढून चिठ्ठ्या उलट्या करत बसली. तीन आठवडे लागले. मिस पिकरिंग मध्येच ओरडायच्या, "अहो हॅक्सबी, नाक सापडलं! चर्चच्या पत्रकातलं आहे, पाद्र्याचं नाक!" मेणबत्ती सापडली, दुकान सापडलं. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, पान, ओळ बिनचूक. आमच्या पगारी माणसांचंही इतकं नीट नसायचं. एकेचाळिसातले चाळीस अर्थ त्या बाईने जिवंत केले.

राहिला एक. साठा संपत येणं, यालाही आम्ही 'रन' म्हणतो. कचेरीत चहाच्या बाबतीत मिस पिकरिंग हा वापर रोज करत, पण तोंडचं बोलणं दाखला होत नाही.

"मी मिसेस ओडींना पत्र टाकतो," मी म्हणालो.

"पत्र नका टाकू," मिस पिकरिंग म्हणाल्या. "तुमच्या पत्राचा गुण आलाय त्यांना. स्वतः जा. आणि हॅट काढून उभे राहा."

व्हिटबीला उतारावरच्या गल्लीत मिसेस ओडींचं घर सापडायला वेळ लागला नाही, कारण दारापुढच्या दोऱ्यांवर अर्ध्या गावाच्या चादरी वाळत होत्या. नवरा बोटीवर गेलेला परत आला नव्हता, त्यालाही वीस वर्षं झालेली. तेव्हापासून बाई लोकांचे कपडे धूत होत्या. मी कोश कचेरीतून आलो म्हटल्यावर त्यांनी हात ॲप्रनला पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"हॅक्सबी तूच का?"

"मीच."

"मला वाटलं म्हातारा असशील. पत्र म्हाताऱ्यासारखं होतं तुझं. ये आत, पाय पूस."

मी पाय पुसले. हॅट काढलेलीच होती. चहा पुढे आला. मी चिठ्ठ्यांचं सगळं सांगितलं. रद्दीचं खोकं, लढाई, उलटी पाठ, चाळीस अर्थ, सगळं. माफीही मागितली, तीही धड जमली नाही.

"मेल्यांनो, माझ्या चिठ्ठ्यांवर लिहीत होतात होय?" त्या म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या. "बरं झालं. चूल पेटवली असतीत तर?"

"पण तुम्ही हे साधेच शब्द का टिपत होता? आमची सूचना तर..."

"वाचली होती रे. पण म्हटलं, अवघड शब्द शिकलेली माणसं पाठवतीलच. हे आमचे शब्द. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. ते कोण पाठवणार?"

माझे डोळे भरून आले, ते मी चहाच्या वाफेवर ढकललं.

मग मी राहिलेला एक अर्थ सांगितला. बाईंनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. तो चिठ्ठ्यांनी गच्च भरला होता. त्यामागे दुसरा, त्यामागे तिसरा.

"पाठवू नको म्हणालास, म्हणून पाठवल्या नाहीत. लिहू नको असं कुठे म्हणाला होतास?"

अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या त्या. बाईंनी न शोधता पहिल्याच डब्यातली सगळ्यात खालची चिठ्ठी काढून माझ्या हाती दिली. त्याच गोल अक्षरात लिहिलं होतं: 'रन. साठा संपत येणे.' खाली दाखला होता: 'महोदया, सर्वांस ठाऊक असलेले शब्द कृपया पाठवू नयेत, आमच्याकडची जागा संपत आली आहे. डब्ल्यू. हॅक्सबी यांच्या पत्रातून, ३ मार्च १९१३.'

माझे कान तापले. "पत्र फाडून टाकायचं होतंत," मी कसाबसा म्हणालो.

"फाडू कशाला? वाक्य चांगलं होतं. त्या अख्ख्या पत्रात तेवढं एकच चांगलं होतं." त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. "ने ते. उपयोगी पडलं तर बघ."

आपल्याच माणसाचा दाखला चालेल का, ही धाकधूक गाडीत यॉर्कपर्यंत होती. डॉक्टरांना चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली, तारीख विचारली.

"हे लिहिताना तू कोशकार नव्हतास," ते म्हणाले. "नुसता उद्धट माणूस होतास. चालेल."

'रन' वेळेवर छापखान्यात गेला. पहिली प्रत आली तेव्हा डॉक्टरांना अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांचं बोट धरून एकेका स्तंभावरून फिरवत होतो. "खंजीर?" ते दर वेळी विचारत, आणि मी नाही म्हणत होतो. शेवटच्या स्तंभाला त्यांनी बोट उचललं आणि माझा हात तसाच घट्ट धरून ठेवला.

दुसरी प्रत घेऊन मी व्हिटबीला गेलो. बाईंनी चष्मा पुसून आधी आभारांच्या पानावर आपलं नाव पाहिलं, सगळ्यांत पहिलं. मग 'रन'ची पानं उलटत माझ्या वाक्यापर्यंत आल्या आणि ते मोठ्याने वाचलं.

या कोशात मी तीस वर्षं घालवली. माझं नाव त्यात एकदाच आलंय, आणि ते मिसेस ओडींनी पाठवलंय.