सातवा प्रश्न

रिंकू दिघोरेनं बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं ते इतिहासाच्या जागा भरल्या होत्या म्हणून. हे ती कुणालाही हसत हसत सांगायची. तिचं खरं शिक्षण चालायचं ते सकाळी, कुरखेड्याच्या रस्त्याला लागून असलेल्या मैदानावर. तिथं ती आणि तिचा मोठा भाऊ भूपेश पोलीस भरतीसाठी धावायचे. भूपेश सोळाशे मीटर, ही आठशे. बहिणीची वेळ दोन सेकंदांनी जरी कमी झाली तरी भूपेश ती गावभर सांगत सुटायचा. डिग्री हाताशी असलेली बरी, भाकरी मात्र भरतीच देणार, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. रिंकूचंही नव्हतं.

शेवटच्या वर्षी जानेवारीत सुनिल सरांनी वर्गात छापील फॉर्म वाटले. सर तरुण होते, तासिका तत्त्वावर शिकवायचे आणि रोज वडसावरून मोटारसायकलनं यायचे. "वीस प्रश्न, तीस घरं, तीन आठवडे," ते म्हणाले. "आपापल्या गावातल्या लोकांची कामं काय आहेत ते लिहून आणा." फॉर्म घरी बसून भरता येतील का, असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं आणि वर्ग हसला.

रिंकूनं सुरुवात स्वतःच्या घरापासून केली, कारण ते सगळ्यात सोपं होतं. वडील बाबुलाल मासेमार सोसायटीचे सभासद. गावाला लागून मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव आहे, माजी मालगुजारी म्हणून मामा तलाव म्हणतात त्याला. सोसायटी त्यात मासे सोडते आणि धरते. वडिलांचा फॉर्म पाच मिनिटांत भरून झाला. मग ती आईसमोर बसली. गोकुळाबाई अंगणात सुपात झिंगे निवडत होत्या.

"आई, सातवा प्रश्न. मुख्य काम कोणतं?"

"कोनाचं?"

"तुझं."

"माझं काय काम? घरीच तं आहे मी."

फॉर्मवर सूचना होती की अशा वेळी 'गृहिणी' या चौकटीत खूण करावी आणि थेट चौदाव्या प्रश्नाकडे जावं. रिंकूनं खूण केली. पान उलटताना तिची नजर आईच्या साडीवर गेली. साडी कंबरेपर्यंत ओली होती.

"आज तलावात कवा उतरली तू?"

"सहाची गाडी गेली ना, तवा."

"अन् आली कवा?"

"शाळेची घंटी झाली तवा. काऊन?"

"मंग हे काम नाई का?"

गोकुळाबाईंनी वर पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "हे काम होय? हे तं असंच. काम तुझा बाप करते. जाळं टाकते तो."

आठ ते तेरा हे सहा प्रश्न कामाच्या तासांचे होते, ते कुठं चालतं, त्यातून काय मिळतं याचे होते. फॉर्म त्या सगळ्यांवरून उडी मारून पुढे गेला होता. आईच्या चार तासांना त्या दोन पानांवर बोटभर जागा नव्हती. रिंकूनं पेनाला टोपण लावलं. सुपात एक झिंगा अजून उडत होता.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती सरांकडे गेली. फॉर्ममध्ये चूक आहे असं शिक्षकांना कसं सांगायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं नुसतं जे घडलं ते सांगितलं. झिंगे, सहाची गाडी, शाळेची घंटा. सर खडू हातात घेऊन ऐकत राहिले.

"हा फॉर्म मी तीन वर्षं वाटतोय," ते म्हणाले. "आजवर हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही." मग एकदम त्यांनी विचारलं, "तू काय विचारलं असतंस?"

यावर तिनं विचार केलाच नव्हता. तरी तोंडातून निघून गेलं, "मुख्य काम विचारूच नये सर. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं, तेवढंच विचारावं."

सर हसले, आणि पुढचा अर्धा तास दोघं रिकाम्या वर्गात उभ्यानं बोलत होते. वेळेचा वापर मोजणारी अशी पाहणी आपल्या देशातही होते, जगातही होते. जे काम बाजारात विकलं जात नाही ते मोजायचं कसं यावर मोठमोठ्या माणसांची भांडणं झाली आहेत, हे सगळं सर सांगत होते आणि रिंकू उभ्या उभ्याच वहीत उतरवून घेत होती.

"म्हणजे हे खरंच अर्थशास्त्र आहे?" तिनं विचारलं.

"हेच आहे," सर म्हणाले. "तुझा फॉर्म तू बनव."

तिनं बनवला. वहीच्या पानावर पट्टीनं रेघा मारून अख्ख्या दिवसाचे रकाने पाडले. गावात घड्याळ बघून कुणी तलावात उतरत नाही, म्हणून तासांऐवजी खुणा लिहिल्या: सहाची एसटी, शाळेची घंटा, खिचडीची सुट्टी, गुरं परत येतात ती वेळ. आधी आईला विचारलं. साडेनऊ तास भरले. रिंकूनं तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवला.

"पानी भरनं लिवलं नाई तू," गोकुळाबाई म्हणाल्या.

पाणी धरून साडेदहा झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर आई शेजारणींना सांगत होती, "माह्ये साडेदहा निंगाले. तुह्ये किती निंगते, पाह्य एखांद्या वेळी." त्यानंतर रिंकूला घरोघरी जावं लागलं नाही, बायाच तिला हाका मारायला लागल्या. आठवड्याभरात एकोणीस फॉर्म झाले.

विसाव्या फॉर्मला ती तलावापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर गेली. तिथं गोंडांची पंधरा-वीस घरं. सोमारीबाई ओसरीवर झाडूचं गवत बांधत होत्या. रिंकूनं आता पाठ झालेला प्रश्न विचारला. सोमारीबाईंनी हातातली जुडी बाजूला ठेवली.

"काल तं आमचा पंडुम होता," त्या म्हणाल्या. पंडुम म्हणजे सण. "काल कोनी जंगलात गेलाच नाई. गानं झालं, नाचनं झालं, जेवनं झालं. काल लिवशीन तं लोक म्हनतीन, ह्या टोल्यावरच्या बाया दिवसभर नाचतेत."

रिंकू हसली, आणि हसता हसता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपले एकोणीस फॉर्म कोणत्या दिवसांचे? तिनं तिथंच वही उघडली. एकोणीसपैकी अकरा फॉर्म सोमवारचे होते, म्हणजे 'काल' रविवार. रविवार हा बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी कोण तलावात उतरतं? तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"अवं, रडून काऊन राह्यली?" सोमारीबाई म्हणाल्या.

"नाई बाई, रडत नाई. सगळं फिरून करा लागते."

"मंग कर. मी कुठी चालली?"

तिनं सगळं फिरून केलं. प्रत्येक बाईकडे तीनदा, वेगवेगळ्या वारी. तीसच्या जागी बत्तीस बाया झाल्या. आठजणींसोबत ती स्वतः दिवसभर चालली, त्यांनी सांगितलेलं आणि तिनं पाहिलेलं जुळतं का ते बघायला. त्या महिन्यात ती मैदानावर चार-पाचदाच गेली असेल. भूपेश चिडला. "तुह्यी वेळ वाढली. तीन मिनिटाच्या वर गेली तू." तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला गडचिरोलीला विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची स्पर्धा होती. सरांनी तिचं नाव दिलं. दहा मिनिटं बोलायचं होतं. रिंकू सात मिनिटांत संपवून मोकळी झाली, इतकी भरभर बोलली. समोर तीन परीक्षक होते. त्यातल्या नागपूरहून आलेल्या मॅडमनी चष्मा काढला.

"एक गाव. एक टोला. एक महिना. यावरून तुम्ही जिल्ह्याबद्दल काय म्हणू शकता?"

"काहीच नाही मॅडम," रिंकू म्हणाली. "जिल्ह्याबद्दल मी काहीच म्हणू शकत नाही. मी प्रश्नाबद्दल म्हणू शकते. त्याच बत्तीस बायांना जुना प्रश्न विचारला तर सत्तावीस जणी गृहिणी निघतात. नवा विचारला तर एकही नाही."

"पहिल्यांदा केलेले एकोणीस फॉर्म टाकून दिले असं तुम्ही लिहिलंय. ते लपवलं का नाहीत?"

"त्यातूनच तर कळलं."

बक्षीस तिसरं मिळालं. पण बाहेर चहाच्या टेबलाशी मॅडम तिला शोधत आल्या. त्यांची संस्था दोन जिल्ह्यांत मोठी पाहणी करणार होती, जूनपासून सहा महिने. क्षेत्र-अन्वेषक हवे होते, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती घेणारी माणसं. निवड परीक्षा चंद्रपूरला, बावीस तारखेला.

"बावीस?" रिंकूनं विचारलं.

भरतीच्या मैदानी चाचणीची तिची तारीखही बावीसच होती.

घरी हे सांगायला तिनं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तलावावर गेली. बाबुलाल जाळं ओढत होते. ती काठावर उभी राहून बोलली, आणि सगळं एका दमात बोलली. बाबुलालांचे हात थांबले नाहीत.

"सहा महिने. मंग?"

"मंग सरकारी सांख्यिकी खात्यात अन्वेषकाच्या जागा निंगतेत. त्याची तयारी. अर्थशास्त्राची डिग्री चालते तिथी. अन् हा अनुभव कामी येईन."

"लागनच, असं आहे का?"

"नाई."

"भरतीत लागनच, असं आहे का?"

"नाई."

"मंग हे घेतलं तं काय जाते अन् ते घेतलं तं काय जाते, ते पाह्यलं का तू?"

रिंकूला हसू आवरेना. "बाबा, यालेच वैकल्पिक खर्च म्हनतेत! आमच्या पहिल्या वर्षाले होता."

"नाव नको सांगू मले. उत्तर सांग."

ती हळू म्हणाली, "धावताना दुसरा चक्कर कवा संपते, असं होते मले. हे करताना संपूच नाई, असं वाटते."

बाबुलालांनी जाळ्याचं एक टोक तिच्याकडे फेकलं. "धर. एकटाच ओढून राह्यलो कवाचा." दोघांनी मिळून जाळं काठावर आणलं. आत दोन मोठे मरळ होते. ते टोपलीत टाकता टाकता बाबुलाल म्हणाले, "चंद्रपूरची पहिली गाडी कितीले आहे?"

भूपेश मात्र दोन दिवस बोलला नाही. बावीसच्या सकाळी तो गडचिरोलीला निघाला आणि ती चंद्रपूरला. फाट्यावर दोघं एकत्रच गाडीची वाट पाहत होते. त्याची गाडी आधी आली. पायरीवर चढता चढता तो म्हणाला, "तुह्याबिना धावनं बेकार लागते बे," आणि दार लागलं.

चंद्रपूरची परीक्षा अर्धी लेखी होती. उरलेली अर्धी वेगळीच. एका खोलीत खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते आणि त्यांना घरमालक समजून त्यांची माहिती घ्यायची होती. गृहस्थ काही सांगेनात. "आत्ता वेळ नाही. उद्या या. तुम्ही कोणत्या पक्षाच्या?" रिंकूच्या आधीची दोन मुलं पाच मिनिटांत बाहेर आली होती. रिंकूनं फॉर्म मिटून मांडीवर ठेवला. "काका, तुम्ही तुमचं काम करा. मी बसते इथंच. हे कायचं झाड दिसते खिडकीतून?" ते झाड कोणतं यावर आधी बोलणं झालं, मग गृहस्थ आपणहून सांगायला लागले. खेळ आहे हे विसरून त्यांनी स्वतःच्या खऱ्या गावाचं नाव सांगून टाकलं, आणि कोपऱ्यात बसलेल्या मॅडमना हसू फुटलं.

मे महिन्यात शेवटचा पेपर देऊन ती कॉलेजच्या फाटकाबाहेर आली तेव्हा मोबाइल वाजला. तिची निवड झाली होती. भूपेश मैदानी चाचणी पास झाला होता, त्याच्या लेखीचा निकाल यायचा होता. पण त्या संध्याकाळी त्यानं स्वतःचं सोडून हिचंच गावभर सांगितलं, आणि टोल्यावर जाऊन सोमारीबाईंनाही सांगून आला.

नेमणुकीची यादी आली तेव्हा रिंकूनं कुरखेड्याखाली आपलं नाव शोधलं. नव्हतं. शेवटी सापडलं ते सिरोंच्याखाली. जिल्ह्याचं पार दुसरं टोक, गोदावरीच्या काठी, पलीकडे तेलंगणा. तिनं मॅडमना फोन लावला.

"मला तेलुगू येत नाही मॅडम."

"दुभाषी देऊ. आपल्या गावात आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटत असतं," मॅडम म्हणाल्या. "तिथं तू विचारशील."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती अहेरीवरून सिरोंच्याच्या गाडीत बसली. पिशवीत फॉर्मचा गठ्ठा होता, सांख्यिकीचं एक जाड पुस्तक होतं आणि गोकुळाबाईंनी बांधून दिलेली सुकट होती, जिचा वास आता गाडीभर झाला होता. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल. शेजारी एक बाई मांडीवर आंब्यांची टोपली घेऊन बसली होती. तिनं पिशवीकडे पाहिलं, मग रिंकूकडे पाहिलं आणि विचारलं, "मी पेरू एंटी?"

"तुम्ही पेरू?" रिंकू गोंधळली. "टोपलीत तं आंबे आहेत."

बाई एवढ्या जोरात हसली की पुढच्या बाकावरची माणसं वळली. कंडक्टरनं लांबूनच समजावलं, "नाव विचारून राह्यली तुमाले. मी पेरू म्हनजे तुमचं नाव."

रिंकूही हसायला लागली, आणि हसतच तिनं वही काढली. 'मी पेरू एंटी' असं मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली मराठीत अर्थ लिहिला. आपलं नाव बाईला सांगितलं. मग एक आंबा उचलून तिच्यासमोर धरला आणि भुवया उंचावल्या.

"मामिडी," बाई म्हणाली.

रिंकूनं लिहून घेतलं आणि पुढच्या वस्तूकडे बोट दाखवलं.