पान एकोणसाठावरची पुनव

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझ्या पान एकोणसाठावर एक मोठी चूक आहे. चार मुलं शिडाची होडी घेऊन बेट शोधायला निघतात, ही माझी गोष्ट. ती लिहिणाऱ्या गृहस्थांचे पाय समुद्रात कधी ओले झाले असतील असं मला वाटत नाही. पण गोष्ट सांगावी तर त्यांनीच!

पुण्यात छापली गेले आणि १९७८ साली वसईच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेच्या कपाटात आले. कपाट सांभाळणाऱ्या पॉलिनबाईंनी मला खाकी कव्हर घातलं. पण कपाटात मी टिकते कुठली? आज या घरी, उद्या त्या घरी. खरं सांगते, मला भारी मिजास चढली होती.

सहावीतल्या रिटाने मला तीनदा नेलं. पान एकोणसाठावर माझ्यातली मुलं होडी काठाला लावून पौर्णिमेला सकाळी अकराला सुकी खाडी ओलांडून बेटावर चालत जातात. येत्या रविवारी पौर्णिमाच होती. चर्चमधली मिस्सा संपली की मैत्रीण बेटीला घेऊन गावाजवळच्या बेटावर तसंच चालत जायचं, असं रिटाने ठरवलं. मी काय करणार? मला तर पाय फुटलेले नाहीत.

शनिवारी तिचे आजोबा सॅन्टन ओट्यावर जाळं सांधत होते. त्यांना वाचता येत नसे, पण ऐकायची हौस दांडगी. रिटाने नेमकं तेच पान वाचलं आणि त्यांचा हात थांबला.

"परत वाच."

तिने वाचलं.

"पुनवेला अकराला खाडी सुकी? लिवनारा कोन हाय ह्यो? तिथीची पाऊनपट कर. पंधराची किती?"

"सव्वा अकरा."

"तवाच भरती पुरी होते. पानी डोक्यावरून जाईल."

रिटाने मला मिटलं. "आजा, आम्ही उद्या जानार होतो."

आजोबा रागावले नाहीत. जाळं बाजूला ठेवून त्यांनी तिला जवळ घेतलं. मला मात्र स्वतःची लाज वाटली.

पुस्तकात लिहिणाऱ्याला महिनाभर पुस्तक नाही, हा शाळेचा नियम रिटाला पाठ होता. तरी तिने पेन्सिलीने समासात लिहिलं, 'हे चूक आहे. पुनवेला अकराला भरती असते. चालत जाऊ नका.' खाली नाव, इयत्ता.

सोमवारी ते पाहून पॉलिनबाईंनी खोडरबर उचललं.

"पुसू नका बाई," रिटा म्हणाली, "दुसरं कोनी जाईल."

बाईंनी खोडरबर खाली ठेवलं. दौत उघडून तिची अक्षरं शाईने गिरवली. मग म्हणाल्या, "महिनाभर पुस्तक मिळणार नाही, बरं का." रिटा हसली आणि वर्गात गेली.

आता माझी शिवण सुटली आहे, तरी मुलं मला नेतात. मी सुखात आहे. मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, ओल्या हाताने मला धरू नका. पण माझ्या भरवशावर पाण्यात मुळीच उतरू नका. आधी मला ओट्यावर घेऊन बसा आणि पाण्यात जन्म काढलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.