मैलिगल्लुचा कौल

येलहंकाच्या पुढे, जिथे बेंगळूरु संपलं असं वाटतं आणि संपत मात्र नाही, तिथे बारा मैलांचा जुना दगड आहे. त्या शुक्रवारी सकाळी त्याच्याभोवती इतकी गर्दी होती की बसला थांबायला जागा उरली नव्हती. दगडाला शेवंतीचे हार, पुढ्यात लिंबांची रास, वर पोपटी छत्री आणि छत्रीखाली करिगिरी स्वामी.

या देवाच्या जन्मात माझाही हात आहे. सत्तावीस वर्षं मी याच रस्त्यावर कंडक्टर होतो आणि रोज ओरडायचो, "मैलिगल्लुवाले उतरा!" आमच्या कन्नडात मैलिगल्लु म्हणजे मैलाचा दगड. पण 'मैलिगे' म्हणजे विटाळ. दसऱ्यानंतर कुठून तरी उपटलेल्या या स्वामींनी जाहीर केलं, की हा विटाळ ओळखणारा दगड आहे! त्यावर हात उताणे ठेवायचे, स्वामी तांब्यातून तीर्थ ओतणार, वर हळद भुरभुरणार. हळद पिवळी राहिली तर माणूस शुद्ध, लाल झाली तर पापी.

आदल्या दिवशी माझी मुलगी तुंगा बसमधून उतरताना म्हणाली होती, "स्वामी, मागच्या बाजूला दोड्डबळ्ळापूर किती मैल तेही लिहिलंय. ते कुणाचं पाप?" लोक हसले. स्वामी हसले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी तिचा साखरपुडा होता. होणारी सासू रुद्रम्मा अडून बसली, "आधी दगडाचा कौल, मग अंगठी." मी नको म्हणत होतो. तुंगाच म्हणाली, "अप्पा, दगडाला काय घाबरायचं?"

तिने हात ठेवले. स्वामी गरजले, "दगड बोलत नाही म्हणून मी बोलतो! मी बोलतो ते दगड ऐकतो! दगड ऐकतो ते मला कळतं!" मग पुढचा तांब्या सोडून मागचा उचलला. पाणी पडलं, हळद पडली आणि पोरीचे तळवे लाल झाले.

"मोडलं लग्न!" रुद्रम्मा ओरडली. तिचा मुलगा नंजुंडा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. खरं सांगतो, क्षणभर मीही माझ्या लेकीकडे संशयाने पाहिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

तेवढ्यात माझी थोरली बहीण सिद्दम्मक्का गर्दीत घुसली. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक लग्नात नवरानवरीला ओवाळायचं लाल पाणी, म्हणजे ओकुळी, तिच्याच हातची लागते. तिने तुंगाचे तळवे डोळ्यांजवळ नेले आणि तोंड वाकडं केलं.

"ही ओकुळी कुणी कालवली?"

"आजी, हा कौल आहे," स्वामी म्हणाले.

"असू दे कौल. चुना कमी पडलाय. रंग बघ, विटेसारखा आलाय! जन्मात कधी ओकुळी केली नाहीस वाटतं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हळदीत चुन्याची निवळी घातली की लाल होतं, हे त्यांतली प्रत्येकजण लग्नाआधीपासून जाणत होती. घरी कालवताना ती ओकुळी, इथे मात्र पाप!

अक्काने मागचा तांब्या उचलून स्वामींच्याच हातावर ओतला आणि हळद टाकली. त्यांचेही हात तसेच लाल.

"कलियुगात दगडही चुकतो," स्वामी पुटपुटले.

"मग हे घे प्रायश्चित्त," म्हणत अक्काने राशीतलं एक लिंबू त्यांच्या तळव्यावर पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं. "फिटलं बघ पाप, एका लिंबात!"

हशा ओसरेपर्यंत स्वामी शहराच्या बसमध्ये चढलेही होते. छत्री तेवढी राहिली.

रुद्रम्मा पदर सावरत म्हणाली, "चला चला, मुहूर्त टळायला नको."

"मुहूर्त टळू दे, अम्मा," तुंगा म्हणाली. "तुम्ही फसलात, ते मी समजू शकते. पण माझे हात लाल झाले तेव्हा याने एकदा तरी वर बघायला हवं होतं."

नंजुंडा तेव्हाही चपलांकडेच बघत होता.

रविवारी मी आणि तुंगाने दगड घासून धुतला आणि काळ्या रंगाने 'बेंगळूरु १२' पुन्हा ठळक केलं. त्या बिचाऱ्याला एवढंच ठाऊक आहे, आणि तो ते कधी खोटं सांगत नाही. त्याला विचारायचंच असेल तर शहर किती लांब ते विचारा. आपली लेक कशी आहे ते आपल्याला ठाऊक असतं, ते दगडाला विचारायला जाऊ नका. मी गेलो होतो, म्हणून सांगतो.