दंडाला न कळलेली धग

मी एक जुनी, कोळशाची इस्त्री आहे. मित्रांनो, माझ्या तळावर आता गंजाची पुटे चढली आहेत आणि माझ्या पोटात निखाऱ्यांच्या जागी थंड राख आहे. माझी कहाणी ऐकताना तुम्हांला थोडी भीती वाटेल. वाटू द्यावी. वेळेवर वाटलेली भीती माणसाच्या उपयोगी पडते, असे मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे माझ्या भोकांनी, पाहिले आहे.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळून लाल झालेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यात ओतले गेले आणि त्यातून माझी काया घडली. कानशीने घासून माझा तळ आरशासारखा केला गेला, वर लाकडी मूठ बसली, झाकणाला खिट्टी लागली. मी वजनाने एवढी भारी होते की नवख्या माणसाचे मनगट मला उचलताना वाकत असे.

मला ज्या दुकानात आणले ते एका अरुंद गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला खेटून होते. आत एक लांब टेबल, त्यावर जाड कांबळे, कांबळ्यावर जुनी चादर, कोपऱ्यात कोळशाचे पोते आणि डोक्यावर तारेला टांगलेले तयार कपडे. एवढेच माझे विश्व. त्या विश्वाची स्वामिनी म्हणजे वहिनी. अवघी गल्ली तिला वहिनीच म्हणे. तिचा नवरा गठ्ठे पोचवण्याचे काम करी. तो वाळलेल्या शेंगेसारखा बारीक, म्हणून लोक त्याला काडीपहिलवान म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत असे.

वहिनीला हे काम तिच्या सासूने शिकवले. इस्त्री किती तापली हे कोणी ओल्या बोटाने पाहतो, कोणी गालाजवळ नेऊन. सासूची रीत मात्र निराळी होती. ती म्हणाली होती, "बोटं निबर होतात गं, ती काय सांगणार? डाव्या दंडाच्या आतल्या बाजूशी धर. तिथली कातडी कधी खोटं बोलत नाही."

सासू निवर्तली, पण रीत राहिली. माझ्यात निखारे भरले की वहिनी उजव्या हाताने मला उचलीत असे, डावी बाही वर सारीत असे आणि दंडाच्या आतल्या बाजूजवळ क्षणभर धरीत असे. तिचा अंदाज कधी चुकला नाही. एक कारकून नेहमी म्हणायचा, "वहिनी, या विजारीच्या घडीनं भाजी चिरता येईल!" ते शब्द ऐकून माझा तळ अभिमानाने अधिकच चकाकत असे.

परंतु मित्रांनो, सुखाचे दिवस सांगून येत नाहीत, आणि दुःखाचे तर दाराची कडीही वाजवीत नाहीत. वहिनीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कर्करोग होता. शस्त्रक्रिया करून स्तन आणि काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या. तदनंतर कित्येक आठवडे किरणांचे उपचार झाले. घरात त्याला नुसते 'शेक' म्हणत. त्या काळात मी थंड पडून होते. घर सांभाळायला तिची मोठी नणंद आली. ती तोंडाने फटकळ, पण अंतःकरणाने लोण्याहून मऊ बाई.

वहिनी परत आली तेव्हा गल्लीने आनंद केला. "गाठ गेली, सुटलीस बाई!" असे जो तो म्हणू लागला. वहिनी हसून म्हणे, "हो, बरं आहे."

बरे नव्हते. दुकानात कोणी नसले की ती छातीवर हात दाबून बसे. एखादा पट्टा कोणी करकचून आवळावा तसा तिचा श्वास अर्ध्यावर अडे. मध्येच सुई खुपसल्यासारखी ती दचके. ब्लाउजची शिवण नुसती घासली तरी तिचे डोळे भरून येत. आणि सर्वांत विचित्र गोष्ट ही, की मी टेबलावर थंडगार असताना तिच्या काखेत आग पेटलेली असे. ती तिथे फुंकर घाली. जिथे विस्तव नाही तिथे फुंकर घालणारे माणूस मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

काडीपहिलवान रोज विचारी, "दुखतंय का गं?" पण विचारताना तो पाठमोरा असे, गठ्ठ्याची गाठ मारीत असे. "छे! बरं आहे," ती म्हणे. त्याचे खांदे सैल पडत आणि तो सायकल घेऊन निघून जाई. एकदा उत्तर मिळाले की दुसऱ्यांदा त्याने कधी विचारले नाही. त्याला उत्तराची धास्ती होती, आणि तिला प्रश्नाची.

कामाला बसल्याच्या पहिल्या दिवशी तिने माझ्यात निखारे भरले, बाही वर केली आणि मला दंडाशी नेले. मी चांगली तापले होते. तरी ती पुटपुटली, "अजून तापली नाही वाटतं." तिने आणखी कोळसा घातला, पंख्याने वारा घातला. पुन्हा मला दंडाशी नेले, यावेळी थोडे अधिक जवळ.

त्या जागेची संवेदना शस्त्रक्रियेत हरवली होती. तिथे आतून जळत होते, पण बाहेरची धग कळत नव्हती. तिला मात्र ते कोणी सांगितले नव्हते, आणि तिनेही विचारले नव्हते.

त्याच दिवशी कारकुनाचा पांढरा सदरा जळाला. पाठीवर माझ्या तळाचा तपकिरी ठसा उमटला. काडीपहिलवान म्हणाला, "नावेचा छाप उठलाय त्याच्या पाठीवर. आता पुरात बुडायचा नाही तो!" ती हसली. मग दोघांनी मिळून दोष कोळशाला दिला. कोळसाच हलका आलाय, मधेच भडकतो आणि मधेच विझतो, असे ठरले. नवे पोते आले. कोळसा बदलला, पण दंड तोच राहिला. मी दररोज त्याच्या अधिकाधिक जवळ जाऊ लागले. मी सर्व भोकांतून धूर सोडून तिला सावध करू पाहत होते. धुराची भाषा कोणाला कळते?

अखेर एका दुपारी मी टेकले.

बारीकसा चर्र असा आवाज झाला. तिचा हात हलला नाही. तिचा चेहराही बदलला नाही. तिने नाक वर करून हुंगले आणि स्वतःशीच म्हणाली, "काय जळतंय?" तिने चादर उचलली, कांबळे झटकले, ठिणगी पडली की काय म्हणून टेबलाखाली वाकून पाहिले. सारे कपडे एकेक करून उलटले. एकही जळालेला नव्हता. मग तिची नजर स्वतःच्या दंडावर गेली.

ती ओरडली नाही. तिने फक्त दाराकडे बघून पटकन बाही खाली ओढली.

दुसऱ्या दिवसापासून ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालू लागली. मला आता ती ओल्या बोटाने तपासू लागली. पण बाहीखाली काही तरी वाढत होते. हळूहळू बाही घट्ट होत गेली. कोपरापासून खाली हात सुजला, बोटातली अंगठी रुतली. माझ्या धगीपाशी उभी असूनही तिला हुडहुडी भरू लागली. मला वाटे, आता ही सांगेल, आता सांगेल. ती कपड्यांच्या घड्या घालीत राहिली.

एके सकाळी नणंद डबा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"एवढ्या उकाड्यात थरथरतेस काय? बाही वर कर."

"काही नाही, वन्सं. जरा कणकण आहे."

"मी बाही म्हटलं, कणकण नाही म्हटलं."

बाही वर जाईना, इतका हात सुजला होता. नणंदेने टेबलावरची कात्री घेतली आणि बाही उभी कापली. दंड लालभडक होता आणि मधोमध जखम चिघळली होती. नणंदेने तो हात अलगद उजेडाकडे वळवला. त्याच वेळी काडीपहिलवान गठ्ठा घेऊन दारात आला आणि तसाच उभा राहिला.

"हे भाजलंय," नणंद म्हणाली. "आणि तू गप्प बसलीस?"

तेव्हा वहिनी रडली. "कळलंच नाही हो भाजलेलं. आणि जे कळतं ते सांगायची भीती. ऑपरेशन झाल्यापासून दुखतंय, वन्सं. एक दिवस राहिलेलं नाही. वाटलं, गाठ परतच आली असेल. सांगितलं तर तपासतील, आणि तपासलं तर सापडेल."

"मग तू बोलली नाहीस म्हणून काय ती घराचा पत्ता विसरणार होती?" नणंद म्हणाली, आणि बोलता बोलता स्वतःच रडू लागली.

ते तिघे इस्पितळात गेले. मी निखाऱ्यांसकट टेबलावर तशीच राहिले. निखारे एकेक करून काळे पडले. दुकानाचे दार कित्येक दिवस उघडले नाही. मित्रांनो, बातमी न कळणे ही सुद्धा एक प्रकारची आगच असते.

दार उघडले तेव्हा नणंद एकटीच आली होती. झाडता झाडता तिने कारकुनाला सगळे सांगितले. हातात जंतू पसरले होते. आणखी उशीर झाला असता तर ते रक्तात जाऊन जिवावर बेतले असते. सूज थोडी कायमची राहणार होती. रोग परतल्याची खूण तूर्त दिसली नव्हती, मात्र तपासण्या चालूच ठेवायच्या होत्या. आणि दुखणे? ते खरे होते. शस्त्रक्रियेत दुखावलेल्या नसांचे आणि किरणांनी आखडलेल्या कातडीचे ते दुखणे होते. पुष्कळ बायकांना ते होते. नसांसाठी वेगळ्या गोळ्या असतात, हळूहळू करायचे व्यायाम असतात. कमी होईल, पूर्ण जाईलच असे नाही, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते.

पुढे दुकानात विजेची इस्त्री आली आणि ती काडीपहिलवानाने हाती घेतली. त्याच्या घड्यांनी भाजी काय, लोणीही कापले नसते. वहिनी स्टुलावर बसून शिकवी. तिच्या डाव्या हातावर सूज दाबणारा घट्ट बाहीपट्टा असे. दुखणे अजूनही येई. आता ते आले की ती मोठ्याने सांगे, "आलं." तो इस्त्री उभी करी, बटण बंद करी आणि तिच्यासमोर येऊन बसे. दोघे ते ओसरण्याची वाट पाहत.

मला फळीवर ठेवले होते. एके दिवशी वीज गेली. काडीपहिलवान बाहेर गेला होता, नणंद मागे कपडे मोजीत होती, गिऱ्हाईक खोळंबले होते. वहिनी उठली. तिने मला खाली घेतले, खिट्टी काढली, पोटात कोळसे रचले. तिच्या हालचालीत जुनी चपळाई होती. काडी ओढली गेली. आणि मित्रांनो, अजून मी कोमटही झाले नव्हते तोच तिचा उजवा हात, तिच्या नकळत, मला घेऊन तिच्या डाव्या दंडाकडे निघाला.

ती मध्येच थांबली. तिने मला टेबलावर ठेवले, दोन पावले मागे सरली आणि ओरडली, "वन्सं! आधी हिला दुकानातून न्या. हिला धरली की माझा हात दंडाकडे जातो. मला भीती वाटते."

त्याच दिवशी मी भंगारात आले. इथे माझ्या शेजारी एक मोडका पंखा आणि गळकी बादली आहे. माझ्यासाठी हळहळू नका. मला घासूनपुसून पुन्हा पेटवावे असे कोणाच्या मनात आले, तर कृपा करून तसे करू नका. तिने भीती बोलून दाखवली त्या दिवशी मी टाकली गेले, आणि माझ्या साऱ्या आयुष्यात एवढ्या मोलाचे काम माझ्या हातून दुसरे झाले नाही.

मात्र तुमच्या घरात मोठ्या आजारातून उठलेले कोणी असेल, तर त्यांची विचारपूस पाठमोरे राहून करू नका. हातातले काम खाली ठेवा. समोर बसा. "कुठे दुखते?" असे विचारा. आणि उत्तर "बरं आहे" असे आले, तर लगेच उठू नका.